बाटलीतलं तेल, पाटीतला बांगडा

गेल्या मंगळवारी एका बाईंनी पर्समधून माशाच्या तेलाची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. कंबर ९६ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड २४०. "मॅडम, तीन महिने रोज एक गोळी घेतेय. पोट काही हललं नाही." राहतात रत्नागिरीत, मिरकरवाड्यात. घरापासून जेटी पाच मिनिटांवर.

बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत १००० मिलीग्रॅम. मागे भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं ओमेगा-३ तेवढं ३००. वाढलेली ट्रायग्लिसराइड उतरवायला डॉक्टर ईपीए-डीएचए देतात ते रोज २ ते ४ ग्रॅम. त्या हिशेबाने या बाईंना दिवसाला सात ते तेरा गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या! ईपीए-डीएचएचा आकडा पुढच्याच बाजूला, मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती हवी, असं माझं ठाम मत आहे.

माशाच्या तेलात गुण आहे. लठ्ठपणात चरबीच्या पेशी फुगतात, त्यांच्या आसपास मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहक द्रव्यं सोडत राहतात. विझवायचं राहून गेलेल्या चुलीसारखी ही आग आत धुमसते आणि इन्सुलिनचं काम अडवते. ईपीए-डीएचए पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. त्यांच्यापासून शरीर रिझॉल्व्हिन बनवतं, आणि ती दाह आवरता घेतात. यकृतही ट्रायग्लिसराइड कमी बनवू लागतं. पण वजन? तेल खाऊन उंदीर कमी लठ्ठ झाले, माणसांत तसं खात्रीने दिसलेलं नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या २५,८७१ लोकांवर सुमारे पाच वर्षं झालेल्या व्हायटल चाचणीत गोळीत ८४० मिलीग्रॅम ईपीए-डीएचए होतं. तरी हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू एकत्र मोजले, तेव्हा ठळक फरक पडला नव्हता. मोठ्या मात्रेत तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणून मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत.

आपल्याकडे वजनकाटा फसवतो, हेही सांगायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपली चरबी पोटात लपते. म्हणून बायकांनी ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली कंबर अंगावर काढू नये.

तेलाचंच म्हणाल, तर माझे बाबा होडीच्या फळ्यांना तारलीचं तेल चोपडायचे. पावसाळ्यानंतरची तारली इतकी तेलकट, की तव्यावर तिचंच तेल सुटायचं. आज तीच तारली ट्रक भरभरून फिशमीलच्या कारखान्यात जाते, कोळंबी आणि कोंबड्यांचं खाद्य होते, आणि जेटीजवळ राहणारी बाई गोळ्यांची बाटली विकत घेते. मला याचा राग येतो. पाहुणे आले की सुरमई, पापलेट. बांगडा-तारली म्हणजे गरिबाचं, ही आपली समजूत त्या रागात भर घालते. दोन बांगड्यांत त्या एका गोळीपेक्षा सहसा जास्त ईपीए-डीएचए असतं. शिवाय गोळी नेहमीच्या जेवणावर वरून पडते, मासा मात्र ताटात दुसऱ्या कशाची तरी जागा घेतो. रव्यात घोळवून वाटीभर तेलात तळला, तर मी हे बोलणार नाही. मासे न खाणाऱ्यांनी जवस जरूर खावं, पण त्यातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचए फार थोडं होतं.

बाईंना मी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली लिहून दिली, भात निम्मा केला, संध्याकाळी अर्धा तास चालायला सांगितलं आणि ट्रायग्लिसराइडचा कागद डॉक्टरांना दाखवायला लावला.

"तारलीला काटे फार, मॅडम. पोरं खात नाहीत."

आई मातीच्या भांड्यात तारली लावायची. तळाला हळदीचं पान, वर तारली, कोकम, ठेचलेली मिरची, आणि अगदी मंद आच. काटा इतका मऊ व्हायचा की आम्ही तो तसाच चावून खायचो. बाईंनी बाटलीच्या खोक्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळं लिहून घेतलं.