आधी प्रयोगशाळा, मग प्रबंध
२०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची केलेली तजवीज स्वागतार्ह असली, तरी मार्गदर्शक व उपकरणे नसलेल्या महाविद्यालयांत तिचा अंमल तूर्त रोखावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवून १२ श्रेयांकांच्या प्रकल्पास पात्र ठरलेला विद्यार्थी मार्गदर्शनाविना राहिला, की अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात सर्रास दिसते त्याप्रमाणे, बाजारातील तयार प्रकल्प विकत आणून दप्तरी दाखल करतो. आणि फसलेला प्रयोग धीराने पुन्हा मांडण्याची जी विद्या या वयातच अंगी बाणते, तिला तो कायमचा मुकतो.

शासनाने प्राध्यापकांची रिक्त पदे विनाविलंब भरावीत, आणि विद्यार्थ्याची मूळ प्रयोगवही तपासल्याखेरीज प्रकल्पास गुण देऊ नयेत, असा हुकूम विद्यापीठांनी काढावा.