आल्टरनेटर नवा, वायर तीच

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक निघते, तेव्हा बाकीची गर्दी गाडीचा थाट बघते आणि मिस्त्री बॉनेटकडे बघतो. मिरवणुकीची चाल ही डायनामोच्या कोणत्याही गाडीची परीक्षाच. इंजिन आयडलवर असले की डायनामोचा व्होल्टेज कटआउट जोडण्याइतका चढतच नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. कोडोलीच्या गॅरेजात अशी एखादी जुनी फियाट किंवा अँबॅसिडर आली, की मालकाचे पहिले वाक्य ठरलेले: "बॅटरी उतरतीय, आल्टरनेटर टाका."

मागणी अगदीच चुकीची नाही. अँबॅसिडरसारख्या गाड्यांत आढळणारा लुकास सी-40 डायनामो बरा वेग मिळाल्यावर साधारण 22 अँपिअर देतो. पावसाळी रात्री पन्हाळ्याच्या चढाला दोन हेडलाइट, टेललाइट, वायपर आणि इग्निशन मिळून सतरा-अठरा अँपिअर तिथेच संपतात. त्यात 60 वॅटचे हॅलोजन आणि टेप आला की हिशेब तुटीचा.

तरीही डायनामो काढण्याआधी तो तपासावा. 'डी' आणि 'एफ' या दोन्ही वायरी सोडवायच्या, डायनामोवरची ती दोन टोके एकमेकांना जोडायची आणि मीटरचे एक टोक त्या जोडाला, दुसरे बॉडीला लावून इंजिन हळूहळू वाढवायचे. व्होल्टेज सरळ वीसपर्यंत चढला तर डायनामो ठणठणीत आहे, तिथेच थांबावे, जास्त रेस करू नये. दोष मग कटआउटच्या पॉइंटमध्ये, वायरीत किंवा अर्थिंगमध्ये शोधायचा. अनेकदा थोडक्या पैशांचे कार्बन ब्रश आणि कम्युटेटरची सफाई एवढ्यावर काम भागते, पण त्यात बिल होत नाही, हेही खरे.

आल्टरनेटर बसवायचाच ठरला, तर खरे काम ब्रॅकेट आणि पट्ट्यापाशी संपत नाही, तिथून सुरू होते. बहुतेक गॅरेजांत इथेच घाई होते: चाळीस अँपिअरचा आल्टरनेटर चढतो आणि त्याला डायनामोचीच जुनी वायर जोडली जाते. हिशेब कागदावर करून बघावा. तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर वायरीतून दोन मीटर अंतरावर 40 अँपिअर गेले, तर अर्ध्या व्होल्टहून अधिक वाटेतच पडतो आणि वीसेक वॅटची उष्णता त्या जुनाट कापडी-रबरी वेष्टणात साठते. तीच वायर 6 चौरस मिलिमीटरची घेतली तर पडझड पाव व्होल्टच्या आत येते. रेग्युलेटर 14.2 देतो आणि बॅटरीला 13.6 मिळतात, ही तक्रार आल्टरनेटरची नसते. शिवाय जुन्या गाड्यांच्या मुख्य चार्जिंग वायरीत बहुधा फ्यूजच नसतो. बॅटरीच्या बाजूला 50 अँपिअरचा फ्यूज टाकायला फार खर्च येत नाही.

करंटच्या परतीच्या वाटेचे, म्हणजे अर्थचे, भान त्याहून कमी. रंगकाम होऊन चकचकीत झालेली गाडी चार्ज करेनाशी होते, कारण अर्थच्या लगखाली नवा रंग बसलेला असतो. इंजिन वाढवून, हेडलाइट लावून, आल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा वजा यांच्यामध्ये मीटर धरावा. 0.2 व्होल्टच्या वर आकडा दिसला तर रंग खरवडा, नवी पट्टी टाका.

काही ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचा अधिक अर्थला असतो. बाजारातले आल्टरनेटर वजा-अर्थचे. गाडीचा अर्थ उलटवताना बॅटरीबरोबर कॉइल आणि अँमीटरच्या वायरीही बदलाव्या लागतात. तीस अँपिअरचा अँमीटर चाळीसच्या ओळीत ठेवू नये, शेजारी व्होल्टमीटर बसवावा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अनेक आल्टरनेटरांत फील्डला पहिला करंट पुरवतो. बल्ब उडाला तर इंजिन सुरू होऊनही चार्जिंग सुरू न होण्याची शक्यता असते.

एक जुनी खोड मात्र आता सुटलीच पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची, गाडी बंद पडली नाही तर "चार्जिंग ओके". आल्टरनेटरमध्ये बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतो आणि डायोड जातात. वेल्डिंग करतानाही बॅटरीची आणि आल्टरनेटरची तार आधी सोडावी.

मालकाला आणखी एक चिंता असते, ती नोंदणीची. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झाला तर ती हातची जाते. चार्जिंगचे सर्किट त्यात थेट मोडत नाही, तरी बदल मागे फिरवता येईल असाच असावा. मूळ कंट्रोल बॉक्स पोखरून त्यात नव्या वायरी लपवण्याची हौस टाळावी. डायनामो, बॉक्स आणि जुना हार्नेस एका पेटीत भरून मालकाला द्यावा. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने 30 ऑक्टोबर 2023 ला रस्ता सोडला. ती घडवणाऱ्या कुर्ल्याच्या कारखान्यातले मूळ भाग यापुढे मिळण्यापेक्षा जपण्याचेच.

या मासिकाच्या वाचक मिस्त्रींना विनंती एवढीच: काम झाल्यावर सर्किटची आकृती काढा, वायरीचा आकार, फ्यूजचा आकडा आणि अर्थ कोणत्या बाजूला आहे ते त्यावर लिहा. एक प्रत मालकाकडे द्या, दुसरी बॉनेटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.