जपमाळेची वेळ आणि घराचे घड्याळ

पोप लिओ चौदावे महोदयांनी २४ सप्टेंबर २०२५ रोजी साप्ताहिक सार्वजनिक भेटीच्या वेळी जगभरातील भाविकांना आवाहन केले, की ऑक्टोबर महिन्यात दररोज शांतीसाठी पवित्र जपमाळेची प्रार्थना करावी. व्यक्तिशः करावी, कुटुंबात करावी आणि समूहातही करावी. ह्या तिहींपैकी समूहातील प्रार्थनेची आपल्या वसई धर्मप्रांतात फारशी चिंता नाही. ऑक्टोबर आला, की वाडीवाडीतील क्रुसापाशी मेणबत्त्या लागतात आणि माणसे जमतात. अडते ती मधली, घरातली प्रार्थना.

ती का अडते, ह्याचे उत्तर फार लवकर दिले जाते. पूर्वी दूरदर्शन संचाला दोष देऊन झाला, आता मोबाइलला देऊन होतो. हा दोष अगदीच खोटा नाही. परंतु मुख्य कारण निराळे आहे, असे आम्हांला वाटते. केळीच्या आणि फुलांच्या बागांवर जगणाऱ्या घराला एक संध्याकाळ होती. दिवेलागणीला घंटा झाली, की हातपाय धुऊन सारे आल्तारापुढे बसत. आज वडील विरार लोकलने रात्री नऊला घरी येतात, मुलगा शिकवणीला असतो, मुलगी रुग्णालयात रात्रपाळीवर निघालेली असते. घर तेच आहे, पण घराची संध्याकाळ प्रत्येकाची वेगळी झाली आहे. अशा घराला केवळ श्रद्धा आटल्याचा बोल लावणे अन्यायाचे ठरेल.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली 'अमोरिस लेतीसिया' ह्या पत्रात (परिच्छेद ३१८) कुटुंबाकडे दिवसातील काही मिनिटेच मागितली होती. तेवढ्यात देवापुढे एकत्र यावे, चिंता सांगाव्यात, अडचणीत असलेल्या कोणासाठी तरी मागावे, आभार मानावेत. काही मिनिटे! आम्ही मात्र पाच दहाके, लितानी आणि शेवटचे गीत ह्यांहून कमी काही मान्य करीत नाही, आणि मग काहीच होत नाही. जेवणापूर्वी एक दहाका, रविवारी पूर्ण जपमाळ, आखातात असलेल्या मुलाला त्याच्या सुटीच्या दिवशी दूरध्वनीच्या पडद्यावर सामील करून घेणे. असे करणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. आजीला हे अपुरे वाटते. तिने आपली पूर्ण जपमाळ जरूर करावी, बाकीच्यांनी तिच्या एका दहाक्याला येऊन बसावे. जपमाळ स्वतःही बदलत आली आहे. प्रकाशाची रहस्ये तर पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००२ सालीच तिच्यात जोडली.

परंतु वेळेचा प्रश्न सुटला, तरी दुसरा उरतो आणि तो अधिक कठीण आहे. त्याच २००२ सालच्या पत्रात पोप महोदयांनी म्हटले होते, की येशूकडे दृष्टी लावणारे कुटुंबीय एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याची, बोलण्याची आणि क्षमा करण्याची क्षमता पुन्हा मिळवतात. आमच्याकडे जमिनीला भाव आल्यापासून वाटणीवरून अबोला धरलेली घरे थोडी नाहीत. एका भिंतीच्या अलीकडे एक आल्तार, पलीकडे दुसरा. दोन्हीकडे 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस' हे शब्द रोज म्हटले जातात, भिंतीतून ऐकूही येतात. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील प्रभूचे सांगणे आम्ही मिस्साच्या वाचनापुरते ठेवले आहे. कौटुंबिक प्रार्थनेवरील प्रवचनांत जपमाळ किती वाजता व्हावी, ह्याची चर्चा पुष्कळ होते. तिच्या वेळी पलीकडच्या घराचे दार कोणी ठोठवावे, ह्याची होत नाही.

ऑक्टोबरात वाडीच्या क्रुसापाशी हे दोघे भाऊ एकाच रांगेत उभे असतात, जपमाळेचा अर्धा भाग एक बाजू म्हणते, उरलेला दुसरी. कोर्टाची तारीख नोव्हेंबरात असते.