जेवणाची वेळ कोणाच्या हातात?

प्रति,
मा. आकाश फुंडकर,
कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य



३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आरडाओरडा झाला तो त्या बारा तासांवर, आणि तो रास्तच होता. त्याच निर्णयातली दुसरी ओळ मात्र गाजली नाही. पाच तासांनी मिळणारी अर्ध्या तासाची सुटी आता सहा तासांनी मिळणार.

तासाभराने काय बिघडतं, असं मंत्रालयात बसून वाटू शकतं. आमच्या सिंधुदुर्गातल्या एखाद्या काजू कारखान्यात दुपारी येऊन बघा. बी फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी सोलवटते. जेवायला उठलेली बाई आधी नळावर जाते, साबणाने हात घासघासून ते तेल काढते आणि मगच डबा उघडते. तिचा अर्धा तास नळावरच सुरू झालेला असतो. आठला कामावर बसलेली ही बाई आजवर एकला उठायची, आता मालकाने ठरवलं तर दोनला उठेल. घरातून निघताना खाल्लेली भाकरी तोवर कुठल्या कुठे गेलेली असते.

नांदगाव तिठ्यावर देवगडचा रस्ता फुटतो आणि मुंबई-गोवा महामार्गाची वर्दळ दिवसभर चालू असते. अशा ठिकाणच्या हॉटेलातल्या पोऱ्याला सुटीचं विचारलं, तर तो सांगेल, “गिरायक इला की ताटावरसून उठाक लागता.” कागदावर त्यालाही अर्धा तास आहे. तो कधी, हे गिऱ्हाईक ठरवतं.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाचीही मागणी होती. पुढे १८९१च्या फॅक्टरी कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद ठेवायला सांगितलं. म्हणजे गोऱ्या सरकारने घड्याळातली वेळ कायद्यात लिहिली. १९४८च्या कायद्यात ती वेळ नव्हती, पण पाच तासांची कमाल मर्यादा होती. आणि आपण त्या मर्यादेलाही ढील दिलीत!

मालकांची अडचण मला कळते. भट्टी अर्ध्यावर सोडता येत नाही, आणि खाणावळीत गर्दी जेवणाच्याच वेळेला होते. पण त्यासाठी माणसं पाळीपाळीने उठवता येतात. सगळ्यांनाच ताटकळत ठेवण्याला नियोजन म्हणत नाहीत. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं आपलाच निर्णय सांगतो. मग जेवणाची वेळ पुढे ढकलताना त्याला कोणी का विचारू नये?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामाच्या मधली सुटी कधी आणि किती, हे अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार त्यांत संबंधित सरकारकडे दिला आहे. राज्याच्या अखत्यारीतल्या कारखान्यांपुरता तो आपल्याकडे आहे. तेव्हा पाच तासांची मर्यादा परत आणा. सुटीची वेळ कामगारांना विचारून ठरू दे, फळ्यावर लागू दे, आणि ताटावरून उठवलेल्याला पुन्हा पूर्ण अर्धा तास मिळू दे. सप्टेंबरच्याच निर्णयात वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानांना आणि हॉटेलांना नोंदणी दाखल्यातून आपण मोकळं केलंत. तिथल्या माणसाच्या सुटीवर नजर कोण ठेवणार, तेही अधिसूचनेच्या कागदावर लिहा.

कळावे,
नांदगाव (जि. सिंधुदुर्ग) येथील एक रहिवासी