नाव सोलापूरचे, पहिले पान परक्याचे

सोलापूर / प्रतिनिधी

'सोलापुरी चादर' हे नाव कायद्याने सोलापूरचे आहे. वस्तूंच्या भौगोलिक उपदर्शनाविषयीचा १९९९ चा केंद्रीय कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला आणि २००५-०६ या वर्षात 'सोलापुरी चादर' व 'सोलापूर टेरी टॉवेल' या दोन्ही नावांना जी.आय. नोंदणी मिळाली. खोट्या नावाने माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूदही त्या कायद्यात आहे. परंतु मुंबईतील एखादी गृहिणी रात्री मोबाईलवर 'सोलापुरी चादर' असे शोधते, तेव्हा तिच्यापुढे येणाऱ्या पहिल्या पानाला या कायद्याची गंधवार्ता नसते. तेथे बहुधा मोठी ऑनलाइन बाजारस्थळे, घाऊक विक्रेत्यांच्या सूची आणि चादरीचा सोलापूरशी संबंध केवळ नावापुरता असलेले विक्रेते दाटीवाटीने उभे असतात. भवानी पेठेतील ज्या कारखान्यात ती चादर खरोखर विणली जाते, त्याचे संकेतस्थळ मात्र कोठेतरी तिसऱ्या-चौथ्या पानावर, म्हणजे व्यवहारात अज्ञातवासात असते.

या अज्ञातवासाचे खापर शोधयंत्रावर फोडणे सोपे आहे. शहराच्या पूर्व भागातील छोट्या उत्पादकांची संकेतस्थळे स्वस्थपणे उघडून पाहिली, तर दोष घरातही कमी नाहीत असे दिसते.

सगळ्यांचे एकच वाक्य

अशा संकेतस्थळाचा साचा ठरलेला आहे. वर आपोआप सरकणारी चार-पाच मोठी चित्रे, त्यात चित्राचाच भाग म्हणून कोरलेले कारखान्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक. त्याखाली 'आमच्याविषयी' या मथळ्याचा इंग्रजी परिच्छेद : आम्ही अग्रगण्य उत्पादक, निर्यातदार व पुरवठादार असून गुणवत्ता हेच आमचे ध्येय आहे. हाच परिच्छेद, शब्दांची किंचित अदलाबदल करून, शेजारच्या कारखान्याच्या संकेतस्थळावर असतो, त्याच्या शेजारच्याही. पुढे चादरींची छायाचित्रे. त्यांखाली माप नाही, वजन नाही, किंमत नाही. फक्त 'चौकशी करा' एवढी कळ.

शोधयंत्र पान वाचते म्हणजे मुख्यतः त्यातील अक्षरे वाचते. चित्रात कोरलेले नाव त्याला अक्षरांइतके भरवशाने उमगत नाही आणि ग्राहकालाही त्या चित्रातील क्रमांकावर बोट ठेवून फोन लावता येत नाही. छायाचित्राच्या फाईलला कॅमेऱ्याने दिलेला आकडाच नाव म्हणून राहिला असेल आणि चित्राचे वर्णन करणारी ओळ जोडलेली नसेल, तर ते चित्र चादरीचे आहे की पडद्याचे, याचा अंदाज यंत्राने आजूबाजूच्या मजकुरावरून बांधायचा. आणि आजूबाजूला तर तेच 'अग्रगण्य उत्पादक'. शंभर पाने एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यांतील एक वर आणण्याचे कारण यंत्राला सापडत नाही. मग जे पान अधिक मोठे, अधिक ठिकाणांहून जोडलेले, ते वर येते. ते बहुधा बाजारस्थळाचे असते.

गंमत अशी, की सांगण्यासारखे सर्वात जास्त या कारखानदारापाशीच असते. सूत कोणत्या नंबरचे, जकार्डवर नक्षी कशी उठते, दोन्ही बाजूंनी वापरता येणारे विणकाम कसे साधते, चादरीचे वजन किती असावे, पहिल्या धुण्यात रंग गेला तर त्याचा अर्थ काय, शुद्ध सुती आणि मिश्र धाग्याची चादर हाताला कशी वेगळी लागते, हे सारे त्याला तोंडपाठ असते. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला तो ते पाच मिनिटे न थांबता सांगतो. अस्सल सोलापुरी चादर ओळखावी कशी, हा पुण्या-मुंबईच्या ग्राहकाचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर ज्याने आयुष्य मागावर काढले, त्याच्या पानावर ते नसावे आणि ज्याने माग पाहिलेलाही नाही अशा कोणी लिहून मोकळे व्हावे, हा प्रकार विचित्रच म्हटला पाहिजे. मोजमापासह, किमतीसह, प्रत्येक प्रकाराच्या चादरीला स्वतंत्र पान देऊन हा मजकूर लिहिणे, यात संगणकशास्त्र फारसे नाही. मालकाने बोलावे आणि घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने ते टिपून घ्यावे, एवढेच काम आहे.

मराठीची अडचण

भवानी पेठ, साखर पेठ, अशोक चौक या भागातील अनेक कारखानदारांच्या घरी तेलुगू बोलली जाते. गल्ल्यावर मराठी आणि हिंदी, बाहेरगावच्या फोनवर गरजेनुसार कन्नड. संकेतस्थळ मात्र फक्त इंग्रजी. मराठीत आणि तेलुगूत शोधणारा ग्राहक आज आहे, त्याच्यासाठी लिहिलेली पाने थोडी आहेत. गर्दी जेथे कमी तेथे छोट्याला जागा मिळण्याची शक्यता अधिक, हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

जेथे मराठी मजकूर आहे, तेथे एक जुने दुखणे अजून डोके वर काढते. छपाईच्या दुकानात पत्रकासाठी जुन्या टंकांत जुळवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक ओळ असते. तोच मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चिकटवला, तर शोधयंत्रापुढे मराठीचा एक शब्दही जात नाही. युनिकोडमध्ये पुन्हा टंकलेखन करणे हाच त्यावर खात्रीचा उपाय.

रोमन लिपीतही घोळ आहेच. इंग्रजी अमदानीत शहराचे नाव एस-एच-ओ असे लिहिले जाई, आज ते एस-ओ असे लिहितात. जुन्या नावाच्या पेढ्यांच्या पाट्यांवर आणि बिलांवर मात्र पहिले रूप अजून दिसते. चादर या शब्दात डी एक की दोन, यावर तर कोणाचेच एकमत नाही. शोधयंत्रे आता अशी रूपे बऱ्याच अंशी ओळखतात, त्यामुळे प्रत्येक रूपासाठी वेगळे पान करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. परंतु पेढीचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी तरी सर्व ठिकाणी एकाच रूपात असावेत. पाटीवर एक, नकाशावर दुसरे आणि संकेतस्थळावर तिसरे असले, की एकाच दुकानाची तीन दुकाने होतात आणि तिन्ही अशक्त राहतात.

हातातील फोन, खिडकीतील गिऱ्हाईक

सोलापूरला एक सोय अशी आहे, जी प्रत्येक औद्योगिक शहराला नाही. तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर या तिन्ही क्षेत्रांच्या वाटा येथून जातात. गाडीत बसलेला भाविक फोनवर 'जवळचे चादरीचे दुकान' शोधतो, तेव्हा त्याला संकेतस्थळाआधी नकाशा दिसतो. या स्थानिक निकालांचा क्रम प्रस्तुतता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो, असे गुगल स्वतःच सांगते. अंतर कोणाच्या हाती नाही. पण नकाशावरील खूण दुकानाऐवजी गोदामावर पडली असेल, तर ती हलवणे हाती आहे. रविवारी दुकान उघडे की बंद, घाऊक की किरकोळ, गाडी कोठे लावावी, ही माहिती भरण्यास पैसा लागत नाही. समाधानी ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती करणेही फुकटच आहे. पैसे देऊन अभिप्राय मिळवण्याचा मार्ग मात्र नियमबाह्य आहे आणि तो पकडला गेल्यास खरे अभिप्रायही संशयाखाली येतात.

याच मोबाईलने मांडणीचे जुने संकेत मोडीत काढले. दोन हजारच्या दशकात संकेतस्थळ उघडताच फ्लॅशमधील चित्रपट सुरू होणे ही श्रीमंतीची खूण होती; डिसेंबर २०२० अखेर फ्लॅशच बंद पडले. एप्रिल २०१५ पासून गुगलने मोबाईलवरील शोधात मोबाईलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना झुकते माप दिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तर पानांची नोंद प्रामुख्याने त्यांच्या मोबाईल आवृत्तीवरून घेण्याचे संक्रमण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गुगलची अपेक्षा आहे. चार-पाच एमबीची मूळ छायाचित्रे तशीच चढवलेल्या पानाला हे साधत नाही. चित्रे लहान करणे आणि ती सरकती रांग काढून टाकणे, एवढ्यानेच पुष्कळ पाने हलकी होतील. ती रांग कोणी शेवटपर्यंत पाहतो, असेही नाही.

पहिल्या पानाची हमी

'महिन्याभरात पहिल्या पानावर आणून देतो' असे सांगणारे फोन छोट्या उद्योजकांना सवयीचे झाले आहेत. या विक्रीमागील युक्त्या बहुतेक कालबाह्य आहेत. पानाच्या पोटात शंभर शब्दांची यादी दडवण्याची युक्ती घ्या : त्या यादीचा क्रमासाठी आपण विचार करीत नाही, असे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच सांगून टाकले. पांढऱ्या पाटीवर पांढरी अक्षरे लिहिणे हा उघड नियमभंग ठरतो. विकत घेतलेल्या दुव्यांवर चढलेली पाने एप्रिल २०१२ च्या 'पेंग्विन' बदलाने खाली आणली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. आणि सुधारणांचा लाभ दिसण्यास बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, हेही. जो हमी देतो, तो एक तर कोणी शोधतच नाही अशा शब्दांवर पहिला क्रमांक दाखवतो, नाही तर जाहिरातीचे पैसे वेगळे मागतो.

त्याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कारखान्याच्या नावे नोंदवले आहे की ते बनवून देणाऱ्याच्या, हे अनेक मालकांनी कधी पाहिलेले नसते. बनवणारा गाव सोडून गेला, वार्षिक शुल्क थकले, की बिलावर आणि पिशवीवर छापलेला पत्ता एका सकाळी दुसऱ्याच्या मालकीचा होऊ शकतो. फुकटच्या जागेचेही तेच. गुगलने व्यवसाय-नोंदीसोबत दिलेली मोफत संकेतस्थळांची सोय मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि ज्यांनी तेवढ्यावरच भिस्त ठेवली होती, त्यांना नवा पत्ता शोधावा लागला. ज्या जागेचे भाडेही आपण भरत नाही, तिच्यावर पेढी बांधण्याचा हा परिणाम.

बाजारस्थळावर माल विकणे हा यावरचा सोपा तोडगा अनेकांनी स्वीकारला आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. तेथे ऑर्डर लगेच येते. परंतु तेथे चादरी किमतीच्या उतरत्या रांगेत उभ्या केल्या जातात, शुद्ध सुती चादरीच्या शेजारी मिश्र धाग्याची 'सोलापुरी' निम्म्या किमतीत झळकते आणि ग्राहक कोण होता, तो पुन्हा कधी घेईल, हे ज्ञान बाजारस्थळापाशी राहते. स्वतःच्या पानावर फरक समजावून सांगता येतो, जी.आय.चे अधिकृत वापरकर्ते म्हणून झालेली नोंदणी दाखवता येते. केंद्राने २०१८ मध्ये जी.आय. वस्तूंसाठी समाईक बोधचिन्ह जाहीर केले. नोंदणी असूनही तिचा उल्लेख संकेतस्थळावर न करणे म्हणजे तिजोरीला कुलूप लावून किल्ली विसरण्यासारखे आहे.

अर्थात, हा खटाटोप प्रत्येकासाठी नाही. ज्याचे माग मजुरीवर चालतात, ज्याचा सारा माल एक-दोन घाऊक व्यापारी उचलतात, त्याला शोधयंत्रातील क्रमांकापेक्षा सुताचा भाव आणि विजेचे बिल अधिक जवळचे आहे. त्याला संकेतस्थळाची माळ गळ्यात घालणे हा निव्वळ खर्च ठरेल. प्रश्न त्यांचा आहे, ज्यांची स्वतःची चादर आहे, स्वतःचा छाप आहे आणि ज्यांना मधल्या व्यापाऱ्याला वळसा घालायचा आहे.

त्यांच्यापुढे २०२४ च्या ऑगस्टपासून आणखी एक पेच आहे. तेव्हापासून भारतातही गुगल काही प्रश्नांना पानाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले उत्तर दाखवते. ते वाचून ग्राहक खालच्या दुव्यांकडे वळेलच असे नाही. ते उत्तर इतरांच्या पानांवरूनच रचले जाते. सोलापुरी चादरीविषयी सोलापूरकरांनी लिहिलेच नसेल, तर ते अन्य कोणाच्या मजकुरावरून रचले जाणार, हे उघड आहे.

चादरीचा हंगाम थंडीचा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला शहर माणसांनी फुलून जाते आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक आपसूक येते. चार महिने ते एक वर्ष हा गुगलचा हिशेब धरला, तर त्या हंगामात दिसू इच्छिणाऱ्याने पान लिहायला उन्हाळ्यातच घ्यायला हवे. पूर्व भागात मात्र संकेतस्थळाचा विषय बहुधा दिवाळीनंतर, मागणी वाढू लागल्यावर निघतो.