आठवड्याची गोळी रोज, लस मात्र कधीच नाही



संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घरातल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या मात्र रोजच्या. त्या सवयीने हीसुद्धा रोज घेतली जाते आणि काही दिवसांतच तोंडभर फोड व ताप घेऊन रुग्ण दवाखाना गाठतो. तोवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. मूत्रपिंडं अधू असतील तर औषध शरीरात साठत जातं. अशा चुकीने माणसं दगावली आहेत.

खापर रुग्णाच्या विसराळूपणावर फोडणं सोपं आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची सूचना इंग्रजीत असते. दुकानदार पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतो, तेव्हा वेष्टनावरचा इशारा दुकानातच राहतो. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही अनेकदा तशीच पिवळी, लहानशी. आठवड्याची कोणती, हे मोतीबिंदू झालेल्या आजींनी ओळखायचं कसं? युरोपीय औषध संस्थेने 2019मध्येच वेष्टनावर ठळक इशारा आणि रुग्णासाठी आठवणीचं कार्ड सुचवलं.

मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्तीही दबते, म्हणून फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी या रुग्णांना अधिक गरजेच्या. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाचा भर मात्र मुलं आणि गर्भवतींवर आहे. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस 2017पासून त्यात आली, तीही बाळांसाठी. प्रौढांना ती बहुधा पदरच्या पैशाने, खासगीत घ्यावी लागते. ज्यांना जिनाही उतरवत नाही, त्यांचं काय? अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देता येते, हे मुंबई महापालिकेने 2021मध्ये, उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर, कोविडच्या वेळी दाखवून दिलं आहे.

तेव्हा अन्न व औषध प्रशासनाने या गोळीच्या पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ असं मराठीत लिहिणं दुकानदारांना बंधनकारक करावं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वाराचं नाव लिहावं. सरकारी रुग्णालयात जिथे ही गोळी सुरू होते, तिथेच दोन्ही लशी मोफत मिळाव्यात.

वाचकांनीही घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांचा डबा एकदा तपासावा. मेथोट्रेक्सेट जास्त गेली असेल तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावं. तिच्यावर फोलिनिक अ‍ॅसिड हा उतारा आहे. घरातली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

— एक वाचक, पुणे