गरम पोळीच्या नावानं

सणाला चार माणसं जेवायला बोलवायची म्हटलं, की आमच्याकडे पहिला प्रश्न निघतो, "पोळ्या कोण लाटणार?" विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतंच, म्हणा.

माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या सणाच्या जेवणाचा खरा शत्रू तेल नाही, तूप नाही, 'गरम' हा शब्द आहे. बारा पानं बसतात, पुरणपोळी तव्यावरून थेट ताटात पडते आणि तव्यापाशी जी उभी असते, ती साडेतीनला एकटी जेवते. गार आमटी, तुटकी पोळी. बसलेला प्रत्येकजण "वहिनी, तुम्हीपण बसा ना" म्हणतो आणि लगेच "अर्धीच द्या, पण गरम." (यात बायकाही मागे नसतात.) केटररला सांगा म्हणणारे आहेत. सांगावं, खिशाला परवडत असेल तर.

पण उत्तर आपल्याच मराठवाड्यात आहे. मार्गशीर्ष अमावास्येची वेळ अमावास्या, आमच्या भाषेत येळवस. लातूर-धाराशिवकडे या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. लातुरात तर जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. शेतात कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव. पूजा झाली की ओळखीचा, बिनओळखीचा, जो बांधावर दिसेल त्याला जेवायला हाक. जेवणात भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि मडक्यातली आंबील.

गंमत अशी, की हे सगळं घरून करून, टोपल्यात बांधून नेलेलं असतं. शेतात तवा नाही, त्यामुळे तव्यापाशी कोणी नाही. वाढून झालं की करणारीही मांडी घालून पंगतीत बसते. आदल्या रात्री बायका जागतात हे खरंच, आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण ती कामं वाटता येतात. हरभऱ्याची भाजी, मटार, तुरीच्या शेंगा निवडायला कोणाचंही चालतं. तव्यापाशी मात्र एकच माणूस उभं राहतं.

संभाजीनगरात सिडको-गारखेड्याकडे लातूर भागातली पुष्कळ घरं आहेत. शेत लांब, म्हणून आम्ही येळवस गच्चीवर करतो. शेजारचे येतात, ऑफिसातले येतात. पहिल्या वर्षी एक काकू म्हणाल्या, "पाहुण्याला गार अन्न वाढायचं?" मी म्हटलं, काकू, गरम आंबील कोणी पितं का! आणि याच शहरातल्या नान-खलियाची पंगत आठवा. नान भट्टीवरून येतात, खलिया डेगेत तयार असतो. तुघलकाच्या फौजेपासून तो इथे आला म्हणतात, ते खरंखोटं असो. फौजेला फुलके लाटून कोण घालणार होतं?

होळीची पुरणपोळी मी सोडा म्हणत नाही. आमच्याकडे यंदापासून तव्यावर पाळ्या लावल्यात, पुरुषांसकट. माझ्या पोळ्या फाटतात, मुलं हसतात, आणि ज्याची फाटकी येते तो मुकाट्याने खातो.

येळवस करणार असाल तर एकच सांगतो. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशीच ताकात भिजवा. सकाळी आठवण झाली, तर ती आंबील नव्हे, नुसतं पीठ-पाणी.